चोर सोडून संन्याशाला फाशी

मजुराने केलेले काम खरे, त्याने गाळलेला घाम खरा, त्याने तोडलेली फळे पेटाऱ्यांत भरून बाजारात गेली हेही खरे. परंतु त्या कामाची मजुरी कायद्याने ठरवून दिलेल्या दराने मिळाली नाही, म्हणून कायद्याच्या दृष्टीने ते काम झालेच नाही! असा अजब न्याय एखाद्या जुन्या संस्थानातील मामलेदाराने दिला असता, तर आपण त्याची कीव केली असती. पण हा न्याय दिला जातो ऑस्ट्रेलियात. ज्या देशातील पाथरवटांनी १८५६ साली मेलबर्नच्या रस्त्यावर उतरून आठ तासांचा दिवस मिळवला आणि ज्या देशातील लवादाने १९०७ च्या हार्वेस्टर निवाड्यात कामगाराला माणसाप्रमाणे जगता येईल एवढे वेतन मिळालेच पाहिजे हे तत्त्व मान्य केले, त्या देशात आज एक नियम असा आहे की, मालकाने मजुरी बुडवली तर शिक्षा मजुराला व्हावी. या नियमाची चिरफाड करणे आणि त्याचा आपल्याशी असलेला संबंध दाखवणे, हा या लेखाचा हेतू आहे.

प्रथम वस्तुस्थिती पाहू. ऑस्ट्रेलियाने १९७५ साली ‘वर्किंग हॉलिडे’ नावाची योजना सुरू केली. परदेशी तरुणांनी वर्षभर देश पाहावा, वाटखर्चापुरते काम करावे, दोन समाजांत सांस्कृतिक देवाणघेवाण व्हावी, असा तिचा गोड उद्देश सांगितला जातो. २००५ च्या नोव्हेंबरात या योजनेला एक शेपूट जोडण्यात आले. पहिल्या वर्षी ग्रामीण भागात तीन महिने, म्हणजे किमान ८८ दिवस, सरकारने ठरवून दिलेल्या प्रकारचे काम केले, तरच दुसऱ्या वर्षाचा व्हिसा मिळेल, अशी ती अट. २०१९ च्या जुलैपासून तिसऱ्या वर्षाचीही सोय झाली. त्यासाठी दुसऱ्या वर्षात आणखी सहा महिने तशाच कामात घालवावे लागतात. ठरवून दिलेली कामे कोणती, याची यादी वाचली की सांस्कृतिक देवाणघेवाणीचा मुखवटा गळून पडतो. फळे तोडणे, भाजी काढणे, माल वर्गवारी करून बांधणे, जनावरांची निगा, मासेमारी, बांधकाम, खाणकाम अशी ती यादी आहे. तेथील नागरिक ज्या मजुरीवर आणि ज्या परिस्थितीत ही कामे करायला तयार नाहीत, त्या परिस्थितीत ती करणारे हात पुरवण्याची ही व्यवस्था आहे. सुट्टी हे तिचे नाव, हंगामी मजूरभरती हे तिचे काम.

आता मूळ मुद्द्याकडे येऊ. पूर्वी या ८८ दिवसांत विनावेतन, केवळ जेवण-निवाऱ्याच्या मोबदल्यात केलेले कामही धरले जात असे. त्याचा व्हायचा तो गैरफायदा झाला. शेतमालकांना फुकटचे मजूर मिळू लागले. तेव्हा सरकारने नियम बदलला. १ डिसेंबर २०१५ रोजी किंवा त्यानंतर केलेल्या कामाबाबत अर्जदाराला त्या देशाच्या कायद्यांनुसार आणि वेतन निवाड्यांनुसार मोबदला मिळालेला असला पाहिजे, अशी अट घालण्यात आली. पुरावा म्हणून वेतनचिठ्ठ्या सादर करणे आले. वरवर पाहता किती प्रागतिक सुधारणा! फुकट राबवून घेणे बंद! पण नियमाचे वाक्य पुन्हा नीट वाचावे. कायद्याप्रमाणे वेतन देण्याचे कर्तव्य मालकाचे आहे. ते पाळले गेल्याची अट मात्र मजुराच्या व्हिसावर घातली आहे. मालकाने कमी वेतन दिले, तर मालकाच्या जमिनीवर, त्याच्या बाजारावर, त्याच्या पुढच्या हंगामाच्या मजूरभरतीवर या नियमाने काहीही आच येत नाही. अपात्र ठरतो तो मजूर. आधी त्याची मजुरी चोरीला जाते आणि मग ती चोरीला गेली हाच त्याचा अपराध ठरतो. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती याहून वेगळी काय असते?

कोणी म्हणेल, हा तर्काचा खेळ झाला; असे मालक असतात किती? उत्तर तेथील सरकारच्याच कामगार-निरीक्षक यंत्रणेने दिले आहे. फेअर वर्क ऑम्बुड्समन या कार्यालयाने चार हजारांहून अधिक व्हिसाधारकांची पाहणी करून ऑक्टोबर २०१६ मध्ये अहवाल प्रसिद्ध केला. ३५ टक्के लोकांनी सांगितले की, आम्हाला किमान वेतनाहून कमी मिळाले. २८ टक्क्यांनी सांगितले की, केलेल्या कामाचे पैसे मिळालेच नाहीत. १४ टक्क्यांना ग्रामीण भागातील काम मिळवण्यासाठी आधी पैसे मोजावे लागले. आणि ६ टक्क्यांनी तर काम केल्याच्या दाखल्यावर सही मिळावी म्हणून मालकाला पैसे दिले होते. लैंगिक छळाच्या तक्रारीही पुढे आल्या. दुसऱ्या व्हिसाची ही अटच पिळवणुकीला पोषक वातावरण निर्माण करते, असा त्या चौकशीचा रोख होता. त्याच कार्यालयाने फळे-भाजीपाल्याच्या हंगामी पट्ट्यातील ६३८ आस्थापनांची तपासणी करून २०१८ मध्ये दुसरा अहवाल दिला, तेव्हा निम्म्याहून अधिक आस्थापना कायदा मोडताना आढळल्या. म्हणजे प्रश्न चार-दोन नासक्या आंब्यांचा नाही. आढीच नासलेली आहे आणि ती नासण्याचे कारण आढीच्या रचनेत आहे.

कागद कोणाच्या हातात?

ही रचना कशी चालते, हे समजून घेणे आवश्यक आहे. वेतनचिठ्ठी लिहितो कोण? मालक किंवा त्याचा ठेकेदार. तास कोण मांडतो? तोच. आता समजा, एखादी मुलगी संत्र्यांच्या बागेत पेटाऱ्यामागे ठरलेल्या दराने आठवड्याला चाळीस तास राबली आणि तिच्या हाती पंधरा तासांच्या किमान वेतनाइतकी रक्कम पडली. खरे तास लिहिले तर चोरी उघडी पडते. म्हणून चिठ्ठीवर पंधराच तास लिहिले जातात. कागदावर दर बिनचूक, कायदा पाळलेला! व्हिसा अधिकारी ती चिठ्ठी पाहतो आणि म्हणतो, तुम्ही पूर्णवेळ काम केलेले दिसत नाही; तेव्हा आठवडा धरता येणार नाही. मुलगी म्हणते, मी चाळीस तास काम केले. अधिकारी म्हणतो, मग तुम्हाला कायद्याप्रमाणे वेतन मिळाले नाही. तेव्हाही आठवडा धरता येणार नाही. खोटे मानले तर दिवस कमी, खरे मानले तर वेतन कमी. इकडे आड, तिकडे विहीर. आणि दोन्हींचे खोदकाम मालकाने केलेले.

याखेरीज आणखी वाटा आहेत. ठेकेदार मजुराला स्वतंत्र व्यावसायिकाचा नोंदणी क्रमांक घ्यायला लावतो; म्हणजे तो नोकरच उरत नाही आणि चिठ्ठी देण्याचा प्रश्नच मिटतो. रोख पैसे हातावर ठेवले जातात. ज्या वसतिगृहात मजूर राहतो त्याचा चालकच काम मिळवून देतो आणि भाड्याची रक्कम मजुरीतून परस्पर वळती होते. पाऊस पडला, यंत्र बिघडले, की त्या दिवसाचे काम नाही, मजुरी नाही, आणि दिवसही मोजला जात नाही. हा सगळा काळ व्हिसाचे बारा महिने मात्र थांबत नाहीत. दोन महिने एका लबाड ठेकेदाराकडे वाया गेल्यावर मजुराला नवा गाव, नवा मालक शोधून पुन्हा पहिल्यापासून मोजणी सुरू करावी लागते. अशा माणसाने मजुरीबद्दल तक्रार करावी तरी कशी? ज्याच्याविरुद्ध तक्रार करायची, त्याच्याच कागदावर त्याचे पुढचे वर्ष अवलंबून असते.

अर्ज फेटाळला गेला तर दाद मागता येते, हे खरे. पूर्वी हे काम प्रशासकीय अपील न्यायाधिकरणाकडे होते. १४ ऑक्टोबर २०२४ पासून त्याच्या जागी नवे प्रशासकीय पुनर्विलोकन न्यायाधिकरण आले आहे. निर्णय कळल्यापासून २८ दिवसांत अर्ज करावा लागतो. शुल्क साडेतीन हजार डॉलरच्या आसपास, म्हणजे ज्या व्हिसासाठी भांडायचे त्याच्या शुल्काच्या पाचपटीहून अधिक. हलाखी सिद्ध केली तर निम्मी सूट मिळते. आणि जिंकला तरी भरलेल्यापैकी निम्मी रक्कमच परत मिळते; आपले बरोबर होते हे सिद्ध करण्याचा दंड उरलेल्या निम्म्या रकमेत भरावा लागतो!

न्यायाधिकरण प्रकरण नव्याने तपासते आणि नवा पुरावाही स्वीकारते, ही जमेची बाजू. मजूर मग बँकेचे उतारे आणतो, कर खात्याची नोंद आणतो, वसतिगृहाच्या पावत्या, ठेकेदाराचे भ्रमणध्वनीवरील संदेश, सोबत्यांचे जबाब, बागेतील छायाचित्रे, बसची तिकिटे असे सारे गोळा करून मांडतो. समजा, सदस्याचा त्याच्यावर विश्वास बसला. ८८ दिवस काम झाले हे त्याने मान्य केले. तरी प्रश्न संपत नाही. कारण नियमाला केवळ काम पुरत नाही. कायदेशीर मोबदला मिळाल्याचे दाखवावे लागते. आणि या पुराव्यांतून सिद्ध काय होते? नेमके हेच की, काम पुरे झाले आणि मोबदला पुरा मिळाला नाही. मजूर आपली बाजू जितकी प्रामाणिकपणे सिद्ध करील, तितका त्याचा पराभव निश्चित होतो. वैयक्तिक अडचण, फसवणूक, आजार यांसाठी या अटीतून सवलत देण्याची तरतूद नाही. सदस्याचे मन द्रवले तरी त्याचे हात नियमाने बांधलेले असतात. ज्या दरबारात खरे बोलणारा हरतो, त्याला न्यायाचे दालन म्हणण्याचे कारण नाही.

एकाच देशाची दोन मापे

यातील सर्वांत मोठा अंतर्विरोध पुढेच आहे. २०१७ साली याच देशाच्या संसदेने फेअर वर्क कायद्यात दुरुस्ती केली. मजुराने वेतनाचा दावा केला आणि मालकाने कायद्याप्रमाणे नोंदी ठेवल्या नसतील किंवा वेतनचिठ्ठ्या दिल्या नसतील, तर मजुराचे म्हणणे खोटे आहे हे सिद्ध करण्याचा भार मालकावर राहील, असे तत्त्व तिने स्वीकारले. तत्त्व अत्यंत योग्य आहे. कागद ठेवण्याचे कर्तव्य ज्याचे, कागद नसल्याचा तोटाही त्याचाच. म्हणजे वेतनाच्या न्यायालयात चिठ्ठी नसली तर घाम मालकाला फुटतो. व्हिसाच्या न्यायाधिकरणात तीच चिठ्ठी नसली तर घाम मजुराला फुटतो. तोच मजूर, तीच बाग, तेच ८८ दिवस, तीच गहाळ चिठ्ठी. पण एका दालनात ती मालकाविरुद्धचा पुरावा आणि दुसऱ्या दालनात मजुराविरुद्धचा! एका राज्ययंत्रणेच्या दोन हातांत दोन तराजू असल्याचे याहून ढळढळीत उदाहरण कोणते?

पुराव्याच्या शास्त्रातही हे तत्त्व नवे नाही. जी गोष्ट विशेषतः एकाच माणसाच्या माहितीतील असते ती सिद्ध करण्याचा भार त्याच्यावर असतो, हे १८७२ च्या आपल्या पुरावा कायद्याने सांगितले होते आणि २०२३ च्या नव्या साक्ष्य अधिनियमानेही ते कायम ठेवले. ज्या २०१९ च्या वेतन संहितेवर आपल्या चळवळीने रास्त टीका केली, तिनेसुद्धा वेतन दिल्याचे सिद्ध करण्याचा भार मालकावरच टाकला आहे. येथे आपल्या राज्यकर्त्यांची स्तुती करण्याचा हेतू नाही. मजुरीच्या प्रश्नात भार कोणावर असावा, याबद्दल भांडवली राज्यांच्या कायद्यांनाही शंका उरलेली नाही, एवढेच दाखवायचे आहे. शंका उरते ती मजूर परका असतो तेव्हा.

अर्थशास्त्राच्या भाषेत बोलायचे तर, सामान्य बाजारात मजूर श्रमशक्ती विकतो आणि मालक वेतन देतो. येथे मालकाच्या हातात आणखी एक वस्तू ठेवलेली आहे: पुढच्या वर्षाच्या वास्तव्याची किल्ली. ही वस्तू तो तयार करत नाही, तिला त्याला एक पैचाही खर्च येत नाही. ती राज्याने त्याला बहाल केली आहे. मजुराला वेतनाबरोबर ही किल्लीही हवी असते. साहजिकच मालक वेतन कमी करतो आणि फरक किल्लीच्या मोलाने भरून काढतो. दाखल्याच्या सहीसाठी पैसे घेणारे मालक अपवादात्मक दुष्ट नाहीत. ते राज्याने दिलेली वस्तू बाजारभावाने विकत आहेत, एवढेच. ज्या दिवशी सहीला किंमत आली, त्या दिवशी तिचा बाजार भरणारच होता.

शेतमालकाची बाजूही पाहिली पाहिजे. ऑस्ट्रेलियाच्या किराणा व भाजीपाला विक्रीचा सुमारे दोन तृतीयांश हिस्सा दोनच साखळी दुकानांच्या हाती आहे. भाव ती ठरवतात. लहान बागाईतदार वरून दाबला जातो आणि तो खाली, मजुरावर दाब देतो. म्हणून आपला रोख एकेका शेतकऱ्यावर नाही. वरच्याशी भांडण्याऐवजी खालच्याला पिळण्याची सोय ज्या धोरणाने करून ठेवली आहे, त्या धोरणावर आहे.

समर्थकांचे युक्तिवाद

या नियमाचे समर्थक तीन मुद्दे मांडतात. पहिला असा की, वेतनाची अट काढली तर फुकट राबवणे पुन्हा सुरू होईल. हा मुद्दा हसण्यावारी नेण्यासारखा नाही. २०१५ पूर्वीचा अनुभव त्यामागे आहे. पण अट काढा असे कोण म्हणते? अट मालकावर घाला, असे आपण म्हणतो. फुकट राबवणाऱ्या मालकाला परदेशी मजूर ठेवण्याची बंदी करा, त्याच्याकडून थकलेले वेतन वसूल करा. मजुराचे दिवस मात्र मोजा. चोरी होऊ नये म्हणून चोरी झालेल्या माणसाला दंड करण्याचा उपाय जगात कोठे लागू पडलेला नाही.

दुसरा मुद्दा खोट्या दाखल्यांचा. काही अर्जदार काम न करताच दाखला विकत घेतात, हे खरे आहे. पण दाखला विकणाराही असतोच ना? शिवाय आज बँकेची नोंद, कर खात्याची नोंद, निवृत्तिवेतन निधीची नोंद सरकारच्या आवाक्यात आहे. जो देश पै न् पै कर वसूल करण्यासाठी या नोंदी पाहू शकतो, त्याला मजुराचे दिवस मोजण्यासाठी त्या पाहता येत नाहीत, हे कोणालाही पटणार नाही.

तिसरा मुद्दा उदारमतवाद्यांचा आवडता: हे तरुण स्वेच्छेने जातात, अटी वाचून जातात, कोणी जबरदस्ती केलेली नाही. करारस्वातंत्र्याच्या या युक्तिवादाची धार आपल्या वाचकांना परिचित आहे. गिरणीत बारा तास काम करणारी मुलेही ‘स्वेच्छेने’च जात असत! सही करताना मालकाच्या लबाडीलाही आपण संमती देत आहोत, असे कोणत्याही अटीत लिहिलेले नसते.

मजुरांच्या संघर्षातून तेथे काही हाती लागले आहे, हे नमूद केले पाहिजे. ऑस्ट्रेलियन वर्कर्स युनियनच्या अर्जावर तेथील वेतन आयोगाने नोव्हेंबर २०२१ मध्ये निर्णय दिला आणि २८ एप्रिल २०२२ पासून नगावर काम करणाऱ्या बागमजुरांनाही ताशी किमान वेतनाची हमी मिळाली. व्हिसाचा धाक दाखवून मजुराला अटी मोडायला लावणे हा १ जुलै २०२४ पासून मालकाचा गुन्हा ठरला. पिळवणुकीविरुद्ध लढणाऱ्या मजुराला देशात राहता यावे म्हणून त्याच महिन्यात प्रायोगिक तत्त्वावर एक वेगळा व्हिसा सुरू झाला. जाणूनबुजून वेतन बुडवणे १ जानेवारी २०२५ पासून संघराज्याच्या कायद्याने फौजदारी गुन्हा झाले. या सुधारणांचे स्वागतच केले पाहिजे. पण त्यांच्यामुळे जुन्या नियमाची विसंगती कमी न होता अधिकच उघडी पडली आहे. आता वेतन बुडवणे गुन्हा आहे आणि तरीही त्या गुन्ह्याच्या बळीचे दिवस मोजले जात नाहीत.

पारपत्राचा रंग

आणि मग ही अट सर्वांना सारखी तरी आहे काय? नाही. ब्रिटनबरोबरच्या व्यापार करारानुसार १ जुलै २०२४ पासून ब्रिटिश पारपत्र असणाऱ्यांना ग्रामीण कामाची अट न पाळता तिन्ही वर्षांचे व्हिसा मिळू शकतात. म्हणजे शेतात राबल्याशिवाय सांस्कृतिक देवाणघेवाण होऊ शकते, हे सरकारने स्वतःच मान्य केले. मग तैवान, कोरिया, अर्जेंटिना, इंडोनेशिया येथील तरुणांच्या संस्कृतीलाच शेणामातीचा स्पर्श का आवश्यक ठरतो? अट जर न्याय्य होती तर ब्रिटिशांना का सोडली, आणि अन्याय्य होती म्हणून सोडली असेल तर इतरांच्या मानेवर का ठेवली?

क्वीन्सलंडच्या उसाच्या मळ्यांना या प्रश्नाचे उत्तर ठाऊक आहे. १८६३ ते १९०४ या काळात प्रशांत महासागरातील बेटांवरून सुमारे ६२,००० माणसे, काही फसवून आणि काही पळवून, मुख्यतः त्या मळ्यांवर आणली गेली. आणि १९०१ च्या कायद्यांनी गोऱ्या ऑस्ट्रेलियाची उभारणी सुरू झाली तेव्हा त्यांतील हजारोंना परत हाकलण्यात आले. शेजारच्या फिजीत ऑस्ट्रेलियन साखर कंपनीच्या मळ्यांवर आपले गिरमिटिये राबले. त्यांच्या रोजच्या कामाचे माप गोरा पर्यवेक्षक ठरवत असे आणि माप अपुरे ठरले की मजुरी कापली जात असे. आजच्या सुट्टीवरच्या मजुराला गिरमिटिया म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. तो परत जाऊ शकतो, मालक बदलू शकतो, दाद मागू शकतो. पण केलेल्या कामाचे माप मालकाच्या हाती ठेवायचे आणि मजुराचे भवितव्य त्या मापाला बांधायचे, ही युक्ती जुनीच आहे.

हा प्रश्न आता आपल्या दारात आला आहे. २ एप्रिल २०२२ रोजी सह्या झालेल्या आणि २९ डिसेंबर २०२२ पासून अमलात आलेल्या भारत-ऑस्ट्रेलिया व्यापार करारात १८ ते ३० वयाच्या भारतीय तरुणांसाठी वर्षाला १,००० व्हिसांची तरतूद झाली. १ ऑक्टोबर २०२४ रोजी त्यासाठी चिठ्ठ्या टाकण्याची नोंदणी सुरू झाली. नोंदणीचे २५ डॉलर वेगळे! पहिल्या दोन आठवड्यांतच सुमारे ४०,००० अर्ज आल्याचे त्या देशाच्या सहायक मंत्र्यांनी दिल्लीत सांगितले. एका जागेला चाळीस उमेदवार. हे सगळे भटकंतीच्या हौसेने निघालेले नाहीत. पदवी हातात असून काम नसलेली ही पिढी आहे. त्यांत पुण्या-नागपूरची मुले असणार, पंजाब-केरळची असणार. दुसऱ्या वर्षाचा व्हिसा हवा असेल तर त्यांनाही ठरावीक भागातील ठरावीक काम आणि त्याचा कायदेशीर मोबदला सिद्ध करावा लागेल. आपल्या वाटाघाटी करणाऱ्यांनी हजार जागा मिळवल्याचा डंका पिटला. ब्रिटनने आपल्या तरुणांसाठी जी सूट मिळवली, ती मागण्याचे त्यांना सुचले होते काय?

आपल्याच काही साथींचा आक्षेप येथे ऐकू येतो. विमानाने परदेशी जाणाऱ्या मध्यमवर्गीय मुलांची चिंता समाजवाद्यांनी का वाहावी? बीड-अहिल्यानगरचा ऊसतोड कामगार काय कमी पिळला जातो? आक्षेप मनापासूनचा आहे, म्हणून उत्तरही सरळ देतो. माणसाचा वर्ग त्याच्या खिशातील पारपत्रावरून ठरत नाही. काम करताना तो कोणाच्या हुकमतीखाली आहे, त्यावरून ठरतो. पदवीधर मुलगी परक्या देशात ठेकेदाराच्या बागेत पेटारे भरते तेव्हा ती मजूरच असते. इतकेच की, तिच्यामागे गाव नसते, संघटना नसते आणि मतही नसते.

आणि ऊसतोड कामगाराचे म्हणाल, तर दोघांचे दुखणे एकच आहे. हंगामापूर्वी घेतलेली उचल, कोयत्यागणिक तोडलेले टन आणि फिटलेली रक्कम यांचा हिशेब मुकादमाच्या वहीत असतो; वही त्याची, आकडे त्याचे. रोजगार हमीचा लढा ज्यांनी लढला त्यांना हजेरीपटाचे राजकारण सांगायला नको. हजेरीपट ज्याच्या हाती, मजूर त्याच्या मुठीत. १९७२ च्या दुष्काळातून उभी राहिलेली आणि १९७७ च्या कायद्याने हक्क बनलेली ती योजना कामाच्या हक्काइतकीच खऱ्या हजेरीच्या हक्कासाठी झगडावी लागली. राजस्थानात मजदूर किसान शक्ती संघटनेने १९९४ पासून जनसुनावण्या भरवून हजेरीपटांच्या प्रती मागितल्या आणि त्या मागणीतून माहितीच्या अधिकाराची चळवळ उभी राहिली. नोंद ही मजुराची मालमत्ता आहे, हा धडा आपल्या चळवळीने अनुभवाने शिकला आहे. तो ऑस्ट्रेलियातील बागेलाही लागू आहे.

तेव्हा मागण्या स्पष्ट असाव्यात. एक: काम झाल्याचे कोणत्याही विश्वसनीय पुराव्याने दिसले की दिवस मोजले जावेत, वेतन कमी मिळाल्याचा तोटा मजुराच्या माथी मारला जाऊ नये. दोन: मालकाने नोंदी ठेवल्या नसतील तेथे वेतनाच्या दाव्यातील भाराचे तत्त्व व्हिसाच्या प्रकरणालाही लागू व्हावे. तीन: न्यायाधिकरणात जिंकणाऱ्याला संपूर्ण शुल्क परत मिळावे. चार: राहण्याचा हक्क आणि विशिष्ट मालकाकडील काम यांची गाठ सोडवावी; ब्रिटिशांची सुटली तशी सर्वांची सुटावी. पहिल्या तीन मागण्यांसाठी तेथील कामगार संघटना लढत असतील तेथे आपल्या संघटनांनी त्यांना जाहीर पाठिंबा द्यावा. चौथी मागणी भारत सरकारने व्यापक आर्थिक सहकार्य कराराच्या बोलण्यांत लेखी मांडावी, असा आग्रह आपल्या खासदारांनी संसदेत धरावा.

तोवर जाणाऱ्या मुलांना आपल्या कार्यकर्त्यांनी एवढे तरी सांगावे: पहिल्या दिवसापासून स्वतःची हजेरी स्वतः लिहा, मजुरी बँकेतूनच घ्या, दर आठवड्याची चिठ्ठी मागा आणि तिच्यावरचे तास त्याच दिवशी तपासा, चिठ्ठी नाकारली गेली तर तिची लेखी मागणी करून ठेवा, स्वतंत्र व्यावसायिकाचा क्रमांक घ्यायला लावणाऱ्या ठेकेदारापासून दूर राहा, आणि तेथील कामगार संघटनेचे सभासद व्हा. यातील शेवटची सूचना सर्वांत महत्त्वाची आहे. बाकीच्या सूचना पुरावा जमवतात. शेवटची बळ जमवते. एकट्या मजुराने खऱ्याचे कितीही पुरावे नेले तरी तो ज्या नियमापुढे हरतो, तो नियम संघटित मजुरांनाच बदलता येईल.